लगेच रँक लावू की थोडं थांबू? मावसभावासाठी मांडलेला हिशेब

मावसभावाची नीट मे महिन्यात रविवारी झाली आणि सोमवारी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला : "दादा, व्हॅलोरंट टाकलंय. रँक कधी लावू?" व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम, आणि रँक लावणं म्हणजे हार-जीत मोजून दर्जा ठरवणाऱ्या मॅचेस खेळणं. पोरानं दोन वर्षं लातूरच्या ट्यूशन एरियात काढलीत. रँक हा शब्द त्यानं जेवणापेक्षा जास्त वेळा ऐकलाय. टेस्टची रँक, बॅचमधली रँक, ऑल इंडिया रँक. त्यामुळे गेममधली रँकसुद्धा त्याला पेपरासारखीच वाटते : सिलॅबस संपला, रिव्हिजन झाली, मग बसायचं. इकडे नांदेडला माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी अगदी उलटा. बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरची शंभर जणांची नेमबाजीची गेम, डाउनलोड झाली त्याच संध्याकाळी त्याचा रँक पुश, म्हणजे रँक चढवायची धडपड, चालू. दोघंही मलाच विचारतात, कारण दोन्ही चुका मी आधी करून बसलोय.

काही गेम हा प्रश्न तुमच्यावर सोडतच नाहीत. डोटा 2 मध्ये रँकसाठी 100 तासांचा खेळ लागतो, शिवाय फोन नंबर जोडावा लागतो. लीग ऑफ लेजंड्समध्ये लेव्हल 30 आणि हाताशी 20 चॅम्पियन, म्हणजे खेळायची पात्रं. व्हॅलोरंट 2020 मध्ये आलं तेव्हा 20 अनरेटेड, म्हणजे बिनरँकच्या, मॅचेस खेळल्या की भागायचं. नंतर अकाउंट लेव्हल 20 ची अट आली. अट नवख्याच्या भल्यासाठी आहे तेवढीच स्मर्फांना अडवण्यासाठीही आहे, म्हणजे चांगले खेळणारे जे नवं अकाउंट काढून खाली येऊन पोरांना झोडपतात त्यांच्यासाठी. म्हणून लेव्हल 20 झाली याचा अर्थ तू तयार झालास असा नाही. दार उघडलं, एवढंच. बीजीएमआयला असं दार जवळजवळ नाहीच.

रँकची आणि बिनरँकची मॅच यांतला फरक आपल्याकडच्या माणसाला तालमीवरून चटकन कळतो. तालमीत दोघं जोर करतात तेव्हा कोण पडलं हे कुणी लिहून ठेवत नाही. एकच डाव दहा वेळा मारून बघता येतो, फसला तर वस्ताद हसतो आणि पुन्हा लावतो. माळेगावच्या यात्रेत जोड लागली की गोष्ट वेगळी. तिथं पाठ टेकली की टेकली. आता प्रश्न असा की किती दिवस नुसते जोर करायचे? नुसत्या जोरावर कुणी पैलवान झालेला नाही, आणि आठ दिवसांत आखाड्यात उतरलेल्याचा खांदाही निखळलेला आपण पाहिलाय.

लगेच रँक लावायच्या बाजूनं पहिला मुद्दा, जो लोकांना उलटा वाटतो : हरण्याची भीती बिनकामाची आहे. या सगळ्या आकड्यांचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची पद्धत फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं 1970 मध्ये घेतली. दोघांत 200 गुणांचं अंतर असेल तर वरच्यानं शंभर डावांत साधारण 76 गुण घ्यावेत, असा तिचा हिशेब. त्याहून कमी घेतले तर त्याचा आकडा उतरतो, खालच्याचा चढतो. पुढच्या पद्धतींनी यात आणखी एक गोष्ट घातली : तुमच्या आकड्याबद्दल यंत्रणेला स्वतःला किती खात्री आहे, तेही ती लिहून ठेवते. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. नवं खातं 1500 वर सुरू होतं आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. मी पहिल्या संध्याकाळी 1500 वरून हजाराच्या आसपास घसरलो होतो, जेवायलाही उठलो नाही. पण तो घसरगुंडीचा वेग म्हणजेच यंत्रणेचं "अजून तुला ओळखलेलं नाही". सुरुवातीला जितक्या वेगानं खाली, जिंकायला लागलात की तितक्याच वेगानं वर.

थांबायच्या बाजूचा खरा मुद्दाही इथंच लपलाय. चार-दहा हारींनी काही बिघडत नाही. तीनशे वाईट मॅचेसनी बिघडतं. व्हॅलोरंटमध्ये दिसणारी रँक ही नुसती पाटी आहे, मागे गेम एमएमआर नावाचा वेगळा आकडा ठेवतो. महिनोन् महिने एकाच चुकीनं मरत राहिलात की यंत्रणेला तुमच्याबद्दल पक्की खात्री होते. मग तुम्ही सुधारलात तरी तिला ते पटवायला बऱ्याच मॅचेस जातात. "एलो हेल"मध्ये, म्हणजे खालच्याच रँकमध्ये, अडकलोय म्हणून रडणारी निम्मी पोरं ही अशीच, स्वतःच्याच जुन्या खेळाचं कर्ज फेडणारी. उरलेली निम्मी टीमला शिव्या देणारी, त्यांचं औषध माझ्याकडे नाही.

आता बिनरँकचं कौतुक करणाऱ्यांसाठी. अनरेटेड शांत असतं, दडपण नसतं, हे खरं. पण तिथं पाच रँडममधला एक जेवता जेवता खेळतो, एकाचा माइक बंद, एक प्रत्येक राउंडला सगळे पैसे उडवून ऑपरेटर ही महागडी स्नायपर बंदूक घेतो आणि नेम चुकवून हसतो. इकॉनॉमी, म्हणजे कुठल्या राउंडला खर्च करायचा आणि कुठल्याला हात आखडायचा, हा अर्धा व्हॅलोरंट आहे, आणि तो अनरेटेडमध्ये शिकायला मिळत नाही, कारण तिथं कुणी पाळतच नाही. रँकमध्ये अगदी आयर्न या सगळ्यात खालच्या पायरीवरची माणसंसुद्धा निदान "सेव्ह", म्हणजे पैसे वाचवा, असं ओरडतात. दोन-तीन महिने फक्त अनरेटेड खेळलेला माणूस मी ओळखतो. नेम सुरेख, पण एकटाच पळायची सवय इतकी मुरली की ती काढायला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ लागला. तो माणूस मीच.

वेळेचा हिशेब मावसभावाच्या डोक्यात नव्हताच. रँकची मॅच 13 राउंड जिंकेपर्यंत. 12-12 झालं तर दोनच्या फरकानं जिंकेपर्यंत ओव्हरटाइम. चाळीस मिनिटं धरा, कधी पाऊण तासाच्या वर. अनरेटेडमध्ये 12-12 ला एकच राउंड, विषय संपला. स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार तर पाच राउंड जिंकले की संपला, पंधराएक मिनिटांत मोकळं. आणि मधून उठता येत नाही. उठलात तर पॉइंट्स जातात, काही वेळ नव्या मॅचची क्यू बंद, आणि उरलेले चौघं पाचांविरुद्ध. आपल्या घरात संध्याकाळी सातला "दळण आण रे, गिरणी बंद होईल" ही हाक येणारच. आईला "मॅच चालू आहे" हे सांगून पाहिलंय. तिला मॅच म्हणजे क्रिकेट कळतं आणि ते टीव्हीवर चालू नसतं.

त्याहून मोठी अडचण वरून येते. मे महिन्यात दुपारभर ऊन, चारला ढग, पाचला वावटळ, आणि पहिला थेंब पडायच्या आत लाइट गायब. रँक लावल्यावर पहिल्याच आठवड्यातली माझी मॅच, 9-8 नं पुढे होतो, मी एकटा उरलेलो, समोर दोघं. कूलरचा आवाज थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, त्यामुळे दोन सेकंद काही कळलं नाही. स्क्रीनवर समोरचा माणूस भिंतीत घुसून पळत राहिला. मग राउटरकडे पाहिलं, एकही दिवा नाही. हॉटस्पॉट लावून परत येईपर्यंत तीन राउंड गेले होते आणि टीममधल्या कुणीतरी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करून ठेवली होती. त्याचं चुकलं नाही. त्याची संध्याकाळ मी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी राउटरसाठी छोटा बॅकअप आणला. नव्या माऊसपेक्षा त्यानं माझी रँक जास्त सांभाळलीय. पिंगचंही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचंही, तेच. सर्व्हर मुंबईत असल्यानं नांदेडला माझ्याकडे फायबरवर तीसेक मिलिसेकंद येतो, हॉटस्पॉटवर साठापासून दीडशेपर्यंत नाचतो. सत्तरवर स्थिर असेल तर रँक खेळा. तीस आणि दीडशेमध्ये नाचणारा असेल तर नका खेळू.

बीजीएमआयला मात्र यातलं निम्मं लागू पडत नाही, म्हणून सहकाऱ्याला मी थांब म्हटलंच नाही. तिथं ब्राँझ-सिल्व्हरच्या लॉबीत बॉट, म्हणजे गेमच चालवतो ती खोटी माणसं, ढिगानं असतात. सरळ रेषेत पळतात, गोळी लागली की थबकतात. खालचे टियर म्हणजे गेमनं तुम्हाला दिलेली तालीमच आहे, फक्त वर रँक लिहिलंय. प्लस-मायनस स्वतःच्या जगण्या-मारण्यावर असतो, शंभर जणांच्या लॉबीत तू लवकर मेलास तरी स्क्वॉड पुढे खेळतो, आणि दळणाला जायचं तर जाता येतं. क्राउन या वरच्या टियरच्या पुढे गेलं की खरी माणसं भेटतात; कॉन्करर ही सगळ्यात वरची पायरी तर सर्व्हरवरच्या मोजक्यांनाच. तिथं पोचायच्या आधी रीकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, हातात बसवायला टीडीएम (टीम डेथमॅच) आहे, चार विरुद्ध चार, 40 किल. जायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरणं, वापरायचा की नाही हे एकदा ठरवा आणि क्राउनच्या आधीच ठरवा. टियर चढल्यावर सेटिंग बदलणारा माणूस महिनाभर सगळ्यांच्या शिव्या खातो. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, त्यामुळे शाळकरी भाच्यांच्या बाबतीत हा वाद आपोआप आटपतो.

मित्र किती आहेत, हेही बघावं लागतं. मावसभावाच्या हॉस्टेलवरची टोळी चौघांची. व्हॅलोरंटच्या रँकमध्ये चौघांचा गट चालतच नाही. एकटे, दोघं, तिघं किंवा पूर्ण पाच. चौघं एकत्र आले तर पाचव्या अनोळख्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून गेमनंच ते बंद केलं. शिवाय मित्राची रँक फार वर असली तरी एकत्र जाता येत नाही, पाच जण असाल तर सोडून. म्हणजे त्यानं एकट्यानं रँक लवकर लावली आणि बाकीचे तिघं मागे राहिले, तर महिन्याभरात टोळी फुटणार. बीजीएमआयचा स्क्वॉड चौघांचाच, तिथं हे भांडण नाही. त्याला म्हटलं, चौघांनी मिळून खेळायची हौस असेल तर अनरेटेडच बरं, किंवा गेमच बदला. नाहीतर गावाकडून पाचवा शोधा. औसा तालुक्यात आमच्या नात्यात एक आहे, पण त्याच्याकडे नेट रात्री बारानंतरच चालतं.

सीझनबद्दल एकच सांगतो. सीझन नवा लागला की बीजीएमआयमध्ये सगळ्यांचे टियर खाली येतात, म्हणजे परवापर्यंत एस या वरच्या टियरला असलेली माणसं आज तुमच्याच लॉबीत उतरतात. पहिला आठवडा-दीड आठवडा नवख्यानं रँकपासून लांब राहावं. ती माणसं वर निघून गेली की लॉबी पुन्हा माणसात येते. पुश करणारे नेमके उलट सांगतात, सुरुवातीलाच चढा म्हणून. त्यांचं त्यांच्यासाठी बरोबर आहे.

मग मावसभावाला काय सांगितलं? तास मोजू नको, किल मोजू नको. मेल्यावर प्रत्येक वेळी स्वतःला विचार, कामून मेलो? उत्तर देता आलं की रँक लाव, मग तू खेळायला चांगला असशील किंवा नसशील. नेम खराब असला तर आयर्न-ब्राँझमध्ये तुझ्यासारखेच खराब नेमवाले भेटतात, यंत्रणा त्यासाठीच आहे. पण का मेलो हेच कळत नसेल तर रँक काय आणि बिनरँक काय, तीच मॅच पुन्हा पुन्हा खेळशील. दोन एजंट, म्हणजे खेळायची पात्रं, आणि तीन मॅपवरचे कोपरे एवढं पाठ कर. लेव्हल 20 होईपर्यंत तेवढं होऊन जातं. बुद्धिबळ असतं तर त्याला एवढंही थांबवलं नसतं. तिथं टीम नाही, कुणाची संध्याकाळ खराब होत नाही. पहिल्या डावापासून रेटेड लाव म्हणालो असतो.

त्यानं लगेच मान्य केलं, म्हणजे ऐकलं नाही. मग मी रात्री त्याच्यासोबत अनरेटेड खेळायला बसलो आणि प्रत्येक मरणाला कॉलवर विचारत गेलो, "कामून मेलास?"

पहिल्या दिवशीची उत्तरं : "लॅग होता." "टीम घाण हाय." "त्यानं चीट लावलंय दादा, खरंच." आठ-दहा दिवस हेच. एकदा तर "कूलरचं पाणी संपलं" असंही उत्तर आलं. जूनच्या सुरुवातीला, बाहेर पाऊस चालू, असेंट मॅपवर बी साइटला तो दारातच पडला. मी विचारायच्या आत तिकडून आवाज आला, "स्मोक पडायच्या आधीच निघालो मी. एक सेकंद थांबलो असतो तर पोचलो असतो."

"लेव्हल किती झाली?"

"बावीस."

"राउटरला बॅकअप?"

"पप्पा उद्या आणायलेत."

रविवारी दुपारी, मावशी झोपल्यावर, त्यानं रँक लावली. पाच प्लेसमेंट, म्हणजे सुरुवातीची रँक ठरवणाऱ्या मॅचेस, दोन दिवसांत संपल्या. दोन जिंकल्या, तीन हरल्या. ब्राँझ 1. स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं : शेवटची मॅच 11-13, मी शेवटच्या राउंडला गन घ्यायला पैसेच ठेवले नव्हते.