वायकेमॅन: यूबिकी सांभाळायची खरी किल्ली

डीएससीचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिजिटल सहीचा, यूएसबी टोकन सांगलीत कुणाला नवा नाही. टेंडरवाले, कंपनीचे रिटर्न भरणारे, सीएच्या ऑफिसातली मुलं, सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये एखादा असतोच. ड्रायव्हर टाका, पासवर्ड आठवा आणि फार तर तीन वर्षांनी सर्टिफिकेट संपलं की पुन्हा केवायसीची वरात. यूबिकी, म्हणजे लॉगिनसाठी यूएसबीत लावायची की, दिसते तशीच, पण तिला मुदत नाही आणि ब्राउझरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. शिवाय ज्या वेबसाइटवर नोंदणी केली, तिच्याच पत्त्यापुरती ती सही करते. हुबेहूब नकली पान समोर आलं तर माणूस फसेल, ही की फसत नाही. ओटीपी मात्र आपली माणसं फोनवर कुणालाही वाचून दाखवतात.

मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या काही अडत दुकानांची कॉम्प्युटरं आणि सर्व्हर मी बघते. त्यामुळे इथे लिहितेय ते कीबद्दल कमी आणि ती हाताळणाऱ्या वायकेमॅन या कमांडबद्दल जास्त. यूबिकी बनवणाऱ्या यूबिको कंपनीचंच हे फुकट, ओपन सोर्स हत्यार आहे. खिडक्या-बटणांचं यूबिको ऑथेंटिकेटरही मिळतं आणि ते चांगलं आहे. पण मी निम्मा वेळ दुसऱ्याच्या मशीनवर टर्मिनलमधून बसलेली असते, तिथे बटणं कोण शोधणार?

की हातात आली की पहिली कमांड ‘वायकेमॅन इन्फो’. सीरियल नंबर, फर्मवेअर (कीच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि कुठली सोय चालू, कुठली बंद, सगळं एका पानात. फर्मवेअर आधी बघा, कारण या कीचं फर्मवेअर नंतर बदलता येत नाही, विकत घेतलं तेच कायम. ५.७ च्या आधीच्या कीमध्ये २५ पासकी (पासवर्डऐवजी चालणाऱ्या लॉगिनच्या नोंदी) मावतात, ५.७ पासून १००. २०२४ च्या सप्टेंबरात कीमधलं गुपित काढून घेता येण्याची जी त्रुटी गाजली, तीही ५.७ च्या आधीच्याच कीमधली. तिचा फायदा घ्यायला चोराला की हातात मिळावी लागते, वर महागडी उपकरणं लागतात, म्हणून जुनी की फेकून देऊ नका. नवी घेताना मात्र दुकानदाराकडे जुना माल पडून नाही ना, एवढं बघाच.

आता दिवाणजींची गोष्ट. एका पेढीवर की बसवली तेव्हा तिथले दिवाणजी आण्णा म्हणाले, “ताई, पेनड्राइव्हात काय पिक्चर भरून आणलासा काय?” समजावलं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढीच्या नावानं मेसेज: ‘मममममम’ आणि पुढे काना-वेलांट्यांचा चिखल. झालं असं, की कारखान्यातून येते तेव्हा बोट लागलं की ही की स्वतःला कीबोर्ड समजून ४४ अक्षरांचा एकदाच चालणारा पासवर्ड टाइप करते आणि वर एंटरही दाबते. वेगवेगळ्या देशांच्या कीबोर्डांवर घोळ होऊ नये म्हणून त्यात ठरावीक १६ च इंग्रजी अक्षरं वापरलीत आणि सुरुवातीला ‘सी’ची रांग असते. दिवाणजींचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी अक्षरांच्या मांडणीवर होता, तिथे ‘सी’च्या जागी ‘म’ बसतो. उपाय एका ओळीचा: ‘वायकेमॅन कॉन्फिग यूएसबी’, पुढे दोन डॅश देऊन ‘डिसेबल’ आणि ‘ओटीपी’. बाकीच्या सोयींना धक्का लागत नाही. मी आता ही ओळ प्रत्येक कीवर पहिल्याच दिवशी चालवते.

पिनचंही वायकेमॅनवरूनच कळतं. दिवाणजींनी सलग तीनदा चुकीचा पिन मारला आणि की गप्प झाली. काढून पुन्हा लावायला सांगितलं, ‘वायकेमॅन फिडो इन्फो’ चालवलं (फिडो म्हणजे कीचा वेबसाइट-लॉगिनचा भाग), पाच प्रयत्न शिल्लक दिसले. आठही संपले असते तर फिडोचा भाग पुसून पहिल्यापासून नोंदणी करावी लागली असती, कंपनीला फोन करूनही काही परत मिळत नाही. पुसायची कमांडही सावध आहे: की काढायला लावते, परत घालायला लावते आणि लगेच बोट टेकवायला सांगते. चुकून पुसलं जाणं अवघड.

तीस सेकंदांनी बदलणारे लॉगिनचे सहा आकडी कोडही कीमध्ये ठेवता येतात. ‘वायकेमॅन ओथ अकाउंट्स कोड’ म्हटलं की यादी समोर. यात एक खोच आहे. कीला बॅटरी नाही, म्हणजे घड्याळही नाही, वेळ कॉम्प्युटरच सांगतो. सीमॉसचा, म्हणजे घड्याळ चालू ठेवणारा, सेल उतरलेलं जुनं मशीन सकाळी उठून भलतीच तारीख धरून बसलं, की कोड चुकीचा येतो आणि लोक कीला शिव्या घालतात. लिनक्सवर कोडसाठी पीसीएससीडी ही कीशी बोलणारी सर्व्हिस चालू हवी. विंडोजवर फिडोच्या कमांडसाठी टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं. दोन्ही गोष्टी माहितीपत्रकात आहेत, पण ते वाचतंय कोण.

सर्व्हरवर शिरायला मी ओपनएसएसएच या दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरची सोय वापरते. फेब्रुवारी २०२० च्या ८.२ आवृत्तीपासून ‘एसएसएच-कीजेन’ला ‘ईडी२५५१९-एसके’ प्रकार सांगितला की अशा कीवर आधारलेली लॉगिनच्या किल्ल्यांची जोडी बनते, आणि लॉगिनच्या वेळी बोट टेकवल्याशिवाय दार उघडत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी नुसत्या फाइलचा चोराला उपयोग नाही. मात्र सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर ओपनएसएसएच ७.४ आहे, त्याला हे कळतच नाही. अशा मशीनला आधी अपग्रेड.

खर्चाचं बोलायचं तर दोन की घ्याव्याच लागतात. एकीची नक्कल दुसरीत होत नाही, गुपित बाहेर काढायची कमांडच नाही, आणि तेच बरोबर आहे. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी दोन्हींची वेगळी नोंदणी करायची. सहा आकडी कोडांचं गुपित मात्र क्यूआर समोर असतानाच दोन्हींत भरून घ्यावं. दोन्ही एकदम जोडल्या असतील तर ‘डिव्हाइस’ लिहून सीरियल नंबर द्यायचा. दुसरी की त्याच गल्ल्यात ठेवू नका. २०१९ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. की पाण्यात टिकेल, पण गाळातून शोधणार कोण? आमच्या जादा की मिरजेत बहिणीच्या कपाटात आहेत.

बँकेच्या एसएमएसला हा पर्याय नाही, तो ओटीपी येतच राहणार. जीमेल, गिटहब, सर्व्हर ही याची ठिकाणं.

पाचपैकी चार तारे, तेही माझ्यासारख्यांकडून. आण्णांच्या मशीनवर मी वायकेमॅन ठेवलेलंच नाही. त्यांनी की लावायची, पिन टाकायचा, बोट टेकवायचं. कमांडचं काम माझ्या लॅपटॉपवर, महिन्याच्या बिलात धरून.