पंप, नोझल, इंजिन... आणि बिघाड निघाला एका पाइपात

माझी पिकअप 2009 सालची. साधं डीआय डिझेल इंजिन, इंजिनाला डिझेल पुरवणारा पंपही मेकॅनिकल, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. ओतूरहून टोमॅटो भरायचे, नारायणगावला नाहीतर माळशेज घाट उतरून कल्याणला न्यायचे. घर याच गाडीवर चालतं. त्यामुळे ती बिघडली की मी घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणं फार सोपं असतं.

सुरुवात मे महिन्यात झाली. सकाळी सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, गाडी चालू व्हायची नाही. पंधरा-वीस सेकंद मारत बसलं की पांढरा धूर टाकून चालू व्हायची. दिवसभर ठीक. मग चढाला, भरलेली असताना, झटके द्यायला लागली. डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबला की परत दहा-बारा किलोमीटर नीट चालायची. ही शेवटची गोष्ट मी मेकॅनिकला पहिल्याच दिवशी सांगितली होती. बिघाड कुठे आहे ते तिच्यातच होतं, हे मला नंतर कळलं.

गॅरेज बाजारपेठेतलं, नाव असलेलं. पहिल्यांदा फिल्टर बदलला, मजुरी धरून 850 रुपये. फरक नाही. मग म्हणाला, "शेठ, बॅटरी कमजोर आहे, इंजिन जोरात फिरत नाही." नवी बॅटरी, 6,200. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि निकाल दिला : पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) गेले. चार नोझलचे 9,600, पंप खोलून कॅलिब्रेशन (डिझेलचं माप बसवणं) आणि किट 11,500, मजुरी 2,400. एकूण 23,500. सीझन चालू होता, टोमॅटो शेतात पिकून लाल झाला होता, मी हो म्हणालो. दोन दिवसांनी गाडी धुऊन-पुसून दिली. हिशेब एका कोऱ्या चिठ्ठीवर, पैसे रोख. जुने नोझल मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

आठवड्याच्या आत, साठ क्रेट भरलेले असताना, परतीच्या नव्हे तर जातानाच्याच वाटेवर, घाटाच्या अलीकडच्या चढाला गाडी बंद पडली. पाऊस, अंधार, मागे ट्रकांची रांग. दुसऱ्या गाडीत माल चढवेपर्यंत पहाट झाली आणि कल्याणचा बाजार हुकला. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, "मग कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन खोलावं लागेल, साठ-पासष्ट हजार धरून चाला."

त्या दिवशी मी रडकुंडीला आलो होतो. शेजारच्या गावात एक काका आहेत, एसटीच्या डेपोत आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी विचारलं, "रात्री गाडी कशी लावतोस? तोंड वर की खाली?" आमच्या अंगणाला उतार आहे, तोंड वर असतं. "आज खाली लावून बघ." लावली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

मग त्यांनी फवारणी पंपाच्या दुकानातून हातभर पारदर्शक नळी आणायला लावली आणि ती फिल्टरकडे जाणाऱ्या लायनीत मधे जोडली. गाडी चालू केली, ॲक्सिलेटर दिला. नळीतून डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ धावत होती. नंतर टाकीची लाइन सोडवून फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, थेट कॅनमधून डिझेल दिलं. बुडबुडे गायब, इंजिन एकसुरी. म्हणजे पंप, नोझल, इंजिन सगळं शाबूत. बिघाड टाकी आणि फीड पंप यांच्या मधे. चासीवर क्लॅम्पखाली घासून रबरी पाइपाला बारीक चीर पडली होती.

काकांनी कारण समजावलं. या भागात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग पडत नाही म्हणून कुणाला शंका येत नाही. रात्री तोंड वर असलं की त्याच चिरेतून हवा शिरते आणि लायनीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हवाही जास्त येते. हातपंप मारला की हवा पुढे निघून जाते. पाइप, दोन क्लॅम्प, तांब्याचे वॉशर : 640 रुपये. काकांनी मजुरी घेतली नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. काकांनी मोठ्या पंपावर, ज्याच्या कॅलिब्रेशनचे पैसे घेतले होते त्यावर, बोट ठेवलं. त्याच्या स्क्रूवरची तार आणि शिशाचं सील जुनंच होतं, वर वर्षानुवर्षांची तेलकट माती, तुटल्याची खूण नाही. सील तोडल्याशिवाय कॅलिब्रेशन होत नाही. नोझलच्या नटांवरचा गंजही अखंड होता, त्यांना पाना लागलाच नव्हता. 23,500 रुपये घेऊन गाडी फक्त धुतली होती. चुकीचं निदान मी समजू शकतो, माणसाकडून होतं. न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही चोरी आहे.

मी गॅरेजवाल्याला जाब विचारायला गेलो. तो म्हणाला, काम झालंय, पुरावा दाखवा. माझ्याकडे सहीशिक्क्याशिवायची चिठ्ठी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे कळलं, पण पहिला प्रश्न बिलाचाच आला. सीलचे फोटो काढून ठेवलेत. तक्रार लिहायला घेतली आहे.

गेल्या आठवड्यात गावातल्या एकाची पिकअप त्याच गॅरेजला पंपासाठी जाणार होती. मी नळी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याच्या लायनीत एकही बुडबुडा नव्हता, म्हणजे त्याचा पंप खरंच गेलेला असू शकतो. तरी त्याने गाडी दुसरीकडे नेली, पंप टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासायच्या यंत्रावर, चढेपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि जुने नोझल पिशवीत घालून पक्क्या बिलासकट घरी आणले.