जुन्या बाटल्या तपासायला घेतलेला ३६५ चा यूव्ही टॉर्च

आधी माझ्याकडे ३९५ नॅनोमीटरवाला होता (हा आकडा म्हणजे उजेडाची तरंगलांबी), पण त्यातनं इतका जांभळा उजेड पडायचा की बाटली चमकतेय की टॉर्चचाच रंग दिसतोय तेच कळायचं नाही. हा ३६५ वाला, पुढे काळी फिल्टरची काच असलेला. पहिल्याच रात्री दिवे बंद करून अख्खं कपाट तपासलं, झोपायला दोन वाजले.

जुन्या बिनरंगी काचेतली हिरवट झाक घालवायला मँगनीज टाकायचे, ती काच याच्या उजेडात फिकट हिरवी चमकते. युरेनियमची काच मात्र भडक हिरवी पेटते, ती ३९५ वरही दिसते, दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघा म्हणजे परत गोंधळ नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीज मागे पडत गेलं म्हणून ही चमक जुनेपणाची चांगली खूण आहे, पण नुसत्या चमकेवर वय ठरवू नका. मी साच्याची रेघ पण बघते, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे काचेवर उमटलेली रेघ. ती तोंडाच्या खाली थांबली तर तोंड बहुतेक हाताने केलंय, पार वरच्या कडेपर्यंत गेली तर मशीनची बाटली. (आणि मँगनीजवाल्या बाटल्या खिडकीत ठेवू नका, वर्षानुवर्षं ऊन लागलं की काच जांभळी होते.)

पैसे खरे वसूल झाले ते लेबलांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात चकाकी आणणारी रसायनं सर्रास आली, असा कागद टॉर्चखाली निळापांढरा लखलखतो. माझ्या एका औषधाच्या बाटलीवरचं शंभर वर्षं जुनं म्हणून घेतलेलं लेबल असंच लखलखलं, फार वाईट वाटलं कारण बाटली खरी आहे, लेबल नंतर चिकटवलंय. स्टोनवेअरच्या (कडक भाजलेल्या मातीच्या) जग-भांड्याच्या कानाला केलेली डागडुजी पण अशीच उघडी पडली, साध्या उजेडात बोट फिरवून पण कळली नव्हती, टॉर्च मारला तर गोंदाचा पट्टा वेगळाच उठून दिसला.

तक्रारी दोन. पाचेक मिनिटांत टॉर्च चांगलाच तापतो, आणि सोबत गॉगल दिलेला नाही. ३६५ चा उजेड डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून धोका कळत नाही, काचेवरनं परत येऊन डोळ्यात जातो, तेव्हा यूव्ही अडवणारा गॉगल वेगळा घ्याच. आणि बाटली आतून धुतल्याशिवाय तपासू नका, जुना थर बसलेला असला तर चमक झाकली जाते. माझ्या दोन बाटल्या आधी मी उगीच बाजूला काढल्या होत्या.