वरच्या बाजारातले हिवाळी दुकान : हिमवृष्टीच्या तयारीसाठी कितपत उपयोगी?

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात एका जुन्या इमारतीच्या माडीवर गरम कपडे भाड्याने देणारे दुकान आहे. जानेवारीच्या पहाटे पारा एकोणीस-वीस अंशांवर आला की ज्या गावात मफलर बाहेर पडतात, तिथे असे दुकान चालते कसे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ते चालते ते नाताळाच्या सुट्टीत मनाली किंवा गुलमर्गला निघालेल्या कुटुंबांवर, वैष्णोदेवीला जाणाऱ्या यात्रेकरूंवर आणि डिसेंबरात लग्न होऊन काश्मीरला जाणाऱ्या जोडप्यांवर. आम्ही जानेवारीच्या अखेरीस कुलू-मनाली आणि पुढे लाहौलच्या बाजूला जाणार होतो. निघण्याच्या आठवड्यातच हवामान खात्याने त्या भागात लागोपाठ दोन पश्चिमी झंझावातांचा आणि जोरदार हिमवृष्टीचा इशारा दिला होता. त्यामुळे या दुकानाची परीक्षा ऐन प्रसंगी झाली.

दुकानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिथे कपडा दाखवण्याआधी प्रश्न विचारले जातात. मालकीणबाईंचे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले असून काही वर्षे लडाखकडे होते, आणि त्या शिस्तीचा वास दुकानाला आहे. गिऱ्हाईक आले की त्या प्रथम तारखा विचारतात, मग मुक्कामाची गावे विचारून प्रत्येक गावाची उंची कागदावर लिहितात. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे, तर तिथून लाहौल खोऱ्यात नेणाऱ्या अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड ३,००० मीटरच्या वर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे हॉटेलच्या अंगणात दोन अंश असले तर तासाभराच्या प्रवासानंतर गाडीतून उतरताना उणे चार-पाच अंशांची अपेक्षा ठेवावी, हे त्या गिऱ्हाइकालाच वजाबाकी करायला लावून सांगतात. बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून पर्यटक नऊ किलोमीटर पार करून थेट लाहौलमध्ये उतरतात, आणि मनालीपुरते घेतलेले कपडे तिथे अपुरे पडतात.

त्यानंतर त्या हवामान खात्याचे संकेतस्थळ उघडून आपल्या तारखांचा अंदाज वाचायला लावतात. हा भाग मला या सेवेतला सर्वांत मोलाचा वाटला, कारण गोव्यातल्या माणसाला इशाऱ्यांच्या रंगांची सवय असते ती पावसामुळे. आषाढात नारंगी इशारा आला की आपण छत्री घेऊन कामाला जातो, फार तर शाळेला सुट्टी मिळते का ते पाहतो. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस सोसणाऱ्या प्रदेशात हे चालून जाते. परंतु हवामान खात्याच्या भाषेत ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, आणि एक मिलिमीटर पाण्याचे साधारण एक सेंटिमीटर ताजे बर्फ होते असे धरले, तर जो पाऊस फोंड्यात दुपारच्या जेवणाआधी गटारातून वाहून जातो तोच पर्वतात दोन फूट उंचीचा होऊन रस्त्यावर बसतो. तो वाहून जात नाही. यंत्राने उपसावा लागतो. जुलैतल्या नारंगी रंगाची सवय जानेवारीत घेऊन जाऊ नये, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

पश्चिमी झंझावाताविषयीही त्या थोडक्यात आणि बरोबर सांगतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या या प्रणाली उंचावरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येतात, आणि हिमालयाला अडून आपली आर्द्रता बर्फाच्या रूपाने टाकतात. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या अचानक उगवत नाहीत. चार-पाच दिवस आधी त्यांची चाहूल लागते. झंझावात डोक्यावर असताना ढगांमुळे रात्र तुलनेने उबदार असते. तो पुढे सरकून आकाश निरभ्र झाले की रात्री पारा झपाट्याने कोसळतो. बर्फ थांबले म्हणून सुटलो असे समजून हलके कपडे घालणारे नेमके तेव्हा गारठतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे आठ अंशांच्याही खाली गेला होता. त्या चाळीस दिवसांत काश्मीरला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात वेगळी वागणूक मिळते, म्हणजे त्याला नको असलेला एक थर जास्त देऊनच पाठवले जाते.

कपड्यांविषयी आता सविस्तर सांगतो. आपल्याकडचा माणूस थंडीच्या धास्तीने सर्वांत जाड कोट मागतो आणि त्याच्या आत नेहमीचा सुती गंजीफ्रॉक घालतो. चालताना घाम येतो, सूत तो शोषून घेते, आणि थांबल्यावर तेच ओले कापड अंगातली ऊब खेचू लागते. म्हणून इथे सुती आतल्या कपड्यांना सरळ मनाई आहे. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे कृत्रिम धाग्याचे मऊ, लवदार कापड, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट अशी मांडणी ते देतात. वाऱ्याचा हिशेब आपल्याकडे कुणी करत नाही. उणे पाच अंशांत ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे तेरा अंशांसारखी जाणवते. त्यामुळे बाहेरचा पातळ पण वारा न शिरू देणारा थर आतल्या जाड स्वेटरइतकाच कामाचा असतो.

मी पिसांचे, फुगीर जॅकेट मागितले होते. दुकानात ते होते, भाडेही अधिक मिळाले असते, तरी मालकीणबाईंनी ते दिले नाही. अंदाजानुसार आमच्या मनालीच्या दिवसांत तापमान शून्याच्या आसपास राहणार होते, आणि अशा वेळी पडणारे बर्फ ओले असते. अंगावर पडताच वितळते आणि शिवणीतून आत झिरपते. पिसे भिजली की त्यांचा फुगीरपणा जातो आणि त्याबरोबर ऊबही. पिसांचे जॅकेट उणे दहाच्या कोरड्या थंडीत उत्तम. शून्याजवळच्या ओल्या बर्फात कृत्रिम भरणीचे जॅकेट आणि वर जलरोधक आवरण, हा त्यांचा सल्ला. आम्ही पोहोचल्यानंतर जे बर्फ पडले ते असेच चिकट आणि जड होते. रस्ता बंद झाल्याने सामान घेऊन बराच वेळ उघड्यावर चालावे लागले, आणि माझे आतले कपडे कोरडे राहिले. हवामानाचा अंदाज वाचून जॅकेट ठरवणारा विक्रेता मी तरी याआधी पाहिला नव्हता.

मापे घेण्याची त्यांची पद्धतही नीट विचार करून ठरवलेली आहे. गोव्याच्या दमट हवेत तीन थर चढवल्यावर कुणालाही गुदमरल्यासारखे होते आणि ‘हे फार गरम आहे, पातळ दाखवा’ असे तो म्हणतो. म्हणून आतली एक लहान खोली वातानुकूलित ठेवली असून कपडे तिथेच घालून पाहावे लागतात. हात वर केल्यावर मनगट उघडे पडते का, वाकल्यावर कमरेवरून जॅकेट सरकते का, दोन थरांवर चेन सहज लागते का, एवढेच पाहायचे. गरम होते की नाही हा प्रश्न त्या खोलीत विचारायचा नाही. माझ्या आईला त्या ‘आजी, बसून दाखवा, मग उठून दाखवा’ असे म्हणत होत्या आणि शेवटी त्यांनी तिच्यासाठी एक माप मोठे जॅकेट काढले, कारण आत साडीवर स्वेटर घालण्याचा तिचा हट्ट त्यांनी ओळखला होता.

पायांच्या बाबतीत मात्र दुकान कमी पडते. दोष सगळा त्यांचा नाही. गोव्याच्या हवेचाही आहे. गिर्यारोहणाच्या पुष्कळ बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा थर असतो, आणि दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला की पाण्याच्या वाफेने तो आतून कुजतो. वरून नवा दिसणारा बूट चालता चालता तळापासून सुटतो किंवा त्याचा अक्षरशः भुगा होतो. चार महिन्यांचा पावसाळा सोसलेले असे बूट फोंड्यातून भाड्याने नेणे शहाणपणाचे नाही, आणि मालकीणबाई ते स्वतःच सांगतात. त्या अस्तर लावलेले रबरी गमबूट देतात, पण ते मोजक्याच मापांचे असतात, मुलांसाठी तर जवळजवळ नाहीतच. मनालीजवळच्या सोलंगला किंवा गुलमर्गला रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर असे बूट भाड्याने मिळतात, तिथूनच घ्यावेत. लोकरी पायमोज्यांचे जादा जोड मात्र येथूनच न्यावेत. ते चांगले आहेत.

हातमोज्यांविषयी माझी तक्रार आहे. जलरोधक म्हणून दिलेले हातमोजे ओल्या बर्फात थोड्याच वेळात आतून भिजले, आणि भिजलेला हातमोजा उघड्या हाताहून फारसा बरा नसतो. परत आल्यावर ते दाखवले तेव्हा ते बाजूला काढून ठेवण्यात आले, पण भाड्यात सवलत मिळाली नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बर्फामुळे रस्ता बंद राहिल्याने आम्हाला परतायला उशीर झाला, आणि वाढीव दिवसांचे पूर्ण भाडे अनामत रकमेतून कापले गेले. जे दुकान गिऱ्हाइकाला हिमवृष्टीचा इशारा वाचून दाखवते, त्याच हिमवृष्टीमुळे झालेल्या उशिराविषयी त्याचा लेखी नियम नसावा, हे विसंगत आहे. दुकानालाही कपडे पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचे असतात, हे मान्य. पण रस्ता बंद असल्याच्या दिवसांना निम्मे भाडे अशी एखादी अट पावतीवर छापणे अवघड नाही.

कपड्यांची निगा उत्तम आहे. गोव्यात पावसाळ्यानंतर कपाट उघडले की लोकरीला येणारा कुबट वास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे; इथल्या एकाही कपड्याला तो नव्हता. ओल शोषणारे यंत्र पावसाळाभर चालू असते आणि कपडे दाबून न ठेवता टांगून ठेवलेले असतात. भाडे स्वस्त नाही. चार जणांचा संच आठवडाभरासाठी घेतला तर त्या रकमेत एक बऱ्यापैकी जॅकेट विकत येते. पण ते जॅकेट नंतर फोंड्यात घालणार कधी?

कपड्यांबरोबर मराठीत छापलेले एक पत्रक मिळते. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते. नेहमीची औषधे चार-पाच दिवस जादा न्यावीत. टॉर्च आणि कोरडा खाऊ हाताशी असावा. बधिर झालेली बोटे बर्फाने किंवा हाताने चोळू नयेत, डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ती पुन्हा गोठणार नसतील तरच कोमट पाण्यात धरावीत. हिमवृष्टीनंतर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांनाच वर सोडतात, तेव्हा टॅक्सी ठरवतानाच ते विचारावे. हे सारे नेमके आहे.

एक मोठी त्रुटी मात्र राहिली आहे. बंद खोलीतली कोळशाची शेगडी आणि बर्फात रुतलेल्या गाडीतले चालू इंजिन, या दोहोंचा पत्रकात उल्लेखच नाही. पाकिस्तानातील मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये हिमवादळात गाड्यांमध्ये अडकून वीसहून अधिक लोक दगावले, आणि त्यांतील काहींचा बळी कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचे सांगण्यात आले. धुराची नळी बर्फाने बुजली की हा वायू गाडीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि येणारी गुंगी थकव्याची वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या होत्या, म्हणजे हा प्रसंग आपल्या पर्यटकांवरही येऊ शकतो. इंजिन थोडा वेळच चालवावे, त्याआधी उतरून नळीभोवतीचे बर्फ काढावे, काच बोटभर उघडी ठेवावी, शेगडी लावून झोपू नये, एवढ्या चार ओळी पत्रकात घालायला हव्यात. मी तसे सुचवले, आणि पुढच्या छपाईत त्या घालू असे मालकीणबाई म्हणाल्या.

जॅकेट, थर्मल, कानटोप्या आणि पायमोजे यांसाठी हे दुकान मी निःशंकपणे सुचवीन. हातमोजे स्वतःचे न्यावेत आणि बूट तिकडे घ्यावेत. नाताळाच्या सुमारास मुलांची मापे लवकर संपतात, म्हणून नोंदणी नोव्हेंबरमध्येच करावी, पण जॅकेटचा प्रकार तेव्हा ठरवू नये. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी ताजा अंदाज घेऊन पुन्हा माडी चढावी. नोंदवलेले जॅकेट तेव्हा बदलून मिळते, आणि त्यासाठी जादा पैसे आकारले जात नाहीत.