तोडायलाच तर घेतोय!

ग्राइंडरला वायर ब्रश लावून मारुती जिप्सीच्या चेसिसवरचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरचं, डांबर काढत होतो. गंजाची तपकिरी धूळ उडत होती, ती एकाएकी पांढरट गुलाबी झाली. लांबी! डेंटर लोक पत्र्यातला खड्डा भरायला लावतात ती. पत्र्यावर ठीक आहे, पण चेसिसच्या जाड लोखंडावर लांबी कोण कशाला भरेल? ग्राइंडर बंद केला आणि बोट फिरवून बघितलं. उजव्या पुढच्या चाकाच्या आत, जिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो, तिथे नंबराच्या चारी बाजूंनी वेल्डिंगचा सांधा बोटाला लागला. तीन काडेपेट्या ओळीने ठेवल्या तर होईल एवढी चौकट. नंबर अस्सल होता, कंपनीनेच ठोकलेला. फक्त तो दुसऱ्या गाडीतून कापून माझ्या गाडीत बसवला होता.

जुनी गाडी चालवायला घेणारा चार लोकांना दाखवतो, ट्रायल घेतो, भाव पाडतो. तोडायला घेणारा तेवढं बघत नाही. मी बघितलं नाही, आणि माझी अडीच लाखांची गोष्ट तिथेच सुरू होते.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. वीस वर्षं मालवण बंदरात डिझेलने हात काळे केलेत, म्हणजे लोखंडातलं मला काही कळत नाही असं म्हणायची सोय नाही. डोक्यात किडा होता तो दोन सीटच्या, बिनछपराच्या गाडीचा. कॉलिन चॅपमनने १९५७ साली इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन काढली तशी. पाइपांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद. तिकडे ती सुट्या भागांतही मिळायची, कारण घरी जोडायला घेतली की खरेदीकर लागत नसे. ती सवलत १९७३ ला संपली, पण घरी गाडी बांधायचं वेड राहिलं ते राहिलंच. जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची, इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टीअरिंग सगळं उतरवायचं आणि एक इंची चौकोनी पाइपच्या सांगाड्यात बसवायचं. ज्या गाडीतून हे सगळं काढतात ती डोनर.

आपल्याकडे डोनर शोधायला गेलं की पंचाईत. हल्लीच्या लहान गाड्या जवळजवळ सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. पद्मिनी आहे, पण तिचे पार्ट मिळवण्यात अर्धं आयुष्य जाईल. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, ते या गाडीला लेचंपेचं. राहिली जिप्सी. १२९८ सीसी, ८० हॉर्सपॉवर, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, पाच गिअर. चारी चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस काढून टाकली आणि मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपशाफ्ट, बनवून घेतला की काम झालं. पण जिप्सीला शौकीन लोक इतके की चार लाखांच्या खाली कोणी बोलेना.

२०२२ च्या दिवाळीनंतर एका एजंटचा फोन आला. कुठून नंबर मिळाला विचारलं तर म्हणाला, "बंदरार सगळ्यांका म्हायत असा तू जिप्सी शोधतंस तां." मालवणी बोलणारा, कणकवलीकडचा, बोलता बोलता आमच्या पाहुण्यांतली दोन नावंही घेतली त्याने. मालवणी बोलणारा माणूस आपलाच, हा आपला एक जुना आजार आहे. २०११ ची पांढरी जिप्सी, रत्नागिरी पासिंग, दोन लाख पंधरा हजार. मालक दुबईला, घरच्यांना जागा अडवणारी गाडी नको, म्हणून स्वस्त.

रत्नागिरी पासिंग ऐकल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती पुराची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या टपापर्यंत बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या कितीतरी धुऊनपुसून बाजारात आल्या. म्हणून मी तयारीनेच गेलो. मॅट उचलून खालचा पत्रा बघितला. सीटच्या रुळांत बोट घातलं. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का, फ्यूजच्या डब्यात गाळ बसलाय का, सीटबेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग दिसतो का, सगळं तपासलं. एजंट शांतपणे बाजूला उभा. शेवटी हसून म्हणाला, "चिखलाचो एक थेंब गावलो तर गाडी फुकट ने."

थेंब नव्हताच. ती गाडी पुरात गेलीच नव्हती. पुरात गेले होते तिचे कागद!

खाली वाकलो तर चेसिसला ताजं डांबर. विचारलं तर, "खाऱ्या वाऱ्याक डांबर नको तर काय पावडर लावतलंय?" खरंच होतं ते. किनाऱ्यावर पावसाळ्याआधी सगळेच गाडीला खालून डांबर मारतात, नाही मारलं तर तीन वर्षांत चाळण होते. आमच्या होड्यांनाही मारतात. म्हणजे आमच्याकडे डांबर म्हणजे गाडी सांभाळलेली असल्याची खूण! नंबराच्या जागेवरचं तेवढं फडक्याने पुसून ठेवलेलं होतं. मी मोबाइलच्या उजेडात एकेक अक्षर आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राशी, जुळवलं, जुळलं. इंजिन नंबर बघायला गेलो तर त्यावर तेल आणि काळं इतकं की निम्मे आकडे दिसेनात. तेवढ्यात त्याने ते वाक्य टाकलं: "तुका तोडूकच व्हयी ना ती? मगे नंबर कित्याक बघत रवलंस? इंजिनचो आवाज आयक." चावी मारली. आवाज खणखणीत होता, आणि मी इंजिनवाला. विरघळलो.

ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघितला होता. मॉडेल बरोबर, इंधन बरोबर, नोंदणीची मुदत २०२६ पर्यंत. विमा ऑक्टोबर २०२१ ला संपलेला दिसत होता. मला वाटलं, मालक दुबईला, कोण भरणार! रत्नागिरी पासिंगची गाडी आणि पुरानंतर एकदाही विमा भरलेला नाही, ही बेरीज करायला कुठली शाळा लागत नाही. पण मी पुराचा चिखल गाडीत शोधत होतो, तो दिसत होता विम्याच्या तारखेत.

वीस हजार टोकन मोबाइलवरून, बाकीचे रोख. शंभराच्या स्टँप पेपरवर करार, गाडी नावावर करायचे, मालकाच्या सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०, आधारची झेरॉक्स. "नावावर करूची घाई नको, नवी बॉडी झाली की एकदमच करूया," असं म्हणून त्याने नव्या बॉडीच्या पासिंगसाठी आणखी पस्तीस हजार घेतले. आरटीओत त्याचा माणूस होता म्हणे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलंय. जिप्सीची लोटस करून तीच आरसी वापरायची हे कुठल्याच माणसाला जमणारं नव्हतं. मला हे अर्धंमुर्धं माहीत होतं. तरी दिले. त्या पस्तीस हजारांबद्दल मी कोणाला दोष देत नाही.

पुढचे तीन महिने मजेत गेले, खोटं कशाला बोलू. मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, गाडी घेतली. शेजारी सोळा गेज जाडीच्या पाइपांचा सांगाडा उभा राहायला लागला. काढलेला प्रत्येक बोल्ट खाजाच्या रिकाम्या डब्यांत, वर चिकटपट्टी लावून लिहिलेलं: "प्रॉपशाफ्ट, मागचे ४", "स्टीअरिंग बॉक्स, लांब २". प्रत्येक पायरीचा फोटो, नाहीतर जोडताना वायरी कळत नाहीत. शिमग्याच्या आधी बॉडी उतरली आणि चेसिस उघडं पडलं. मग ती गुलाबी धूळ.

त्याच संध्याकाळी इंजिन डिझेलने धुतलं. नंबराच्या जागी ग्राइंडरच्या तिरप्या रेघा होत्या आणि त्यावर हाताने ठोकलेले आकडे. सात कलंडलेला, तीन बाकीच्यांपेक्षा खोल. कुडाळ एमआयडीसीतल्या माझ्या ओळखीच्या मेस्त्रींना फोटो पाठवले. दोन मिनिटांत फोन आला. "आता कायएक हात लावू नको. जसा हा तसाच रवांदे."

मी काय केलं? तीन आठवडे गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण या जागी येणारा प्रत्येक जण हाच विचार करणार. नंबर तर कागदाशी जुळतोय. चेसिस तसंही भंगारातच जाणार. तो तुकडा कापून खाडीत टाकला तर कोणाला कळणार? एजंटचा फोन तोपर्यंत बंद झालेला. शेवटी जेवताना आईला सांगितलं. ती भात वाढत होती, हात थांबला तिचा. "पोलिसांका तू सांगतलंस काय मी सांगू?"

पोलिस स्टेशनात हवालदारांचा पहिला प्रश्न: "गाडी कापली कोणी?" त्यांचंही बरोबर. मांगरात सुटी केलेली चोरीची गाडी, डब्यात भरलेले बोल्ट, शेजारी वेल्डिंग मशीन. बाहेरून बघणाऱ्याला तो चोरीच्या गाड्या फोडायचा अड्डाच वाटणार. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४११, चोरीचा माल जवळ बाळगणं, हे शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकले. मला वाचवलं ते फोटोंनी. प्रत्येकावर तारीख होती, शिवाय टोकनची मोबाइलवरची नोंद आणि करार. पंचनामा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालला. "गिअर लिव्हर, नग एक. प्रॉपशाफ्ट, नग दोन." खाजाच्या डब्यांपाशी आल्यावर लिहिणाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "बोल्ट, अंदाजे दोनशे."

हळूहळू उलगडा झाला. आरसीवरचा माणूस दुबईला नव्हताच, चिपळुणातच होता. त्याची जिप्सी पुरात गेली, विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण बाद, धरून पैसे दिले आणि सांगाडा भंगारवाल्याला विकला गेला. गाडी अशी कायमची बाद झाली की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. तो घरातला गाळ उपसत होता. भंगारवाल्याने आरसी मागितली, फॉर्मवर सह्या मागितल्या, त्याने दिल्या. भंगाराची किंमत त्या लोखंडात नव्हती, त्या कागदात आणि नंबराच्या तुकड्यात होती. मग घाटावरून तशीच पांढरी जिप्सी चोरायची आणि तुकडा तिच्यात बसवायचा. झाली गाडी कायदेशीर. राहिली ती गिऱ्हाइकाची निवड. नावावर करायची घाई नसलेला आणि गाडीचे तुकडे करून पुरावाच नाहीसा करणारा माझ्यासारखा माणूस त्यांना देवानेच पाठवलेला.

फॉरेन्सिकवाल्यांनी इंजिनवर जे केलं ते मी उभा राहून बघितलं. खोटे आकडे घासून सपाट केले, कापसाच्या बोळ्याने रसायन लावलं, थांबले, पुन्हा लावलं. नंबर ठोकताना धातू दिसतो त्यापेक्षा खोलवर दाबला जातो, म्हणून वरचं घासून टाकलं तरी दाबलेला भाग रसायनाला वेगळा वागतो. दहाएक मिनिटांत करड्या पृष्ठभागावर धुरकट आकडे वर आले, पाण्याखालचा खडक ओहोटीला दिसायला लागतो तसे. त्या आकड्यांवरून खरा मालक सापडला. त्याला त्याच्या विमा कंपनीने चोरीचे पैसे कधीच दिले होते, म्हणून गाडी आता कंपनीची. कोर्टाच्या हुकमाने २०२४ मध्ये ते टेम्पो घेऊन आले आणि डब्यांसकट सगळं घेऊन गेले. मला दमडी मिळाली नाही.

हल्ली कोणी डोनर बघायला जाताना विचारलं तर मी त्याच्या हातात वायर ब्रश देतो. नंबराभोवतीचं वीतभर डांबर खरवडू देत नसेल तर चहासुद्धा न घेता परत ये म्हणतो. इंजिन नंबर डिझेलने धुऊनच वाचायचा. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचं तोंड बघायचं, तो चंद्रावर असला तरी. शेवटची विमा पॉलिसी मागायची आणि त्या कंपनीला विचारायचं, या गाडीवर क्लेम झालाय का. आणि नावावर झाल्याशिवाय एक बोल्ट सैल करायचा नाही. दोन-तीन जण माझ्यावर वैतागले, म्हणाले भंगार घ्यायला एवढं कोण करतं.

पाइपांचा सांगाडा अजून मांगरात आहे. तो माझ्या पैशांचा, माझ्या वेल्डिंगचा, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. मे महिन्यात आई त्यावर सुपं मांडून कोकमाची सोलं वाळवते.

गेल्या महिन्यात बंदरावरच्या एका पोराने मोबाइल पुढे केला. जिप्सी, पांढरी, किंमत कमी, मालक बाहेरगावी. फोन नंबर वेगळा होता. चार फोटो होते आणि तिसऱ्यात मॅट उचलून दाखवलेली, खाली कोरडा पत्रा. जाहिरातीत लिहिलं होतं, पुरातली गाडी नाही, चिखलाचा थेंब दाखवा. मी तो फोटो पोलिस ठाण्यात पाठवला आणि पोराला हातातला वायर ब्रश दिला.