‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ : काही महिन्यांच्या सहवासानंतर

ड्रॅगन आणि जादू असलेली कादंबरी म्हटली की वाचक मोठमोठ्या लढायांच्या अपेक्षेने बसतो. अर्सुला ल ग्विन यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या छोटेखानी कादंबरीत त्या जवळजवळ नाहीत, आणि पावसाळ्यात पहिल्यांदा वाचून संपवल्यानंतरही मी ती अधूनमधून उघडत राहिले याचे मुख्य कारण तेच आहे. इथे प्रत्येक जादूची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. गाँट बेटावरचा गेड हा बुद्धिमान पण मानी मुलगा रोकच्या जादूविद्यालयात निव्वळ ईर्षेपोटी मृतात्म्याला बोलावतो आणि त्या फटीतून एक निनावी छाया जगात शिरते. पुढची सगळी कथा तिच्यापासून पळण्याची आणि अखेरीस तिचाच पाठलाग करण्याची आहे.

ओगियन या गेडच्या पहिल्या गुरूचे प्रकरण मी सर्वाधिक वेळा वाचले. पाऊस कोसळत असतो. दुसऱ्या एखाद्या जादूगाराने मंत्र टाकून ढग पलीकडे ढकलले असते, पण ओगियन फरच्या दाट झाडाखाली निमूट आडवा होतो आणि शिष्य निथळत्या झुडपांत धुमसत बसतो. गुरूला शक्ती असूनही तो ती वापरत नाही, हे लेखिका कुठलाही उपदेश न करता दाखवते. (हाच ओगियन नदी ओलांडून आलेल्या मुलाला त्याचे खरे नाव हळूच सांगतो, तेव्हा बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या मला आठवल्याशिवाय राहत नाही.)

ड्रॅगनचा प्रसंग पेंडोर बेटावर घडतो. पिल्लांशी झुंज चटकन आटोपते; खरा सामना त्यांच्या म्हाताऱ्या बापाशी आहे, जो आधी उद्ध्वस्त बुरुजाचाच भाग वाटतो. जुन्या बखरींच्या आधारे गेड त्याचे नाव येवॉड असावे असा अंदाज बांधतो आणि तो खरा ठरतो. त्यावर येवॉड त्याला छायेचे नाव देऊ करतो. ज्या नावाने स्वतःचा जीव वाचला असता ते सोडून, ड्रॅगनने पुन्हा द्वीपसमूहाकडे फिरकू नये एवढी शपथच गेड मागून घेतो. अशी घासाघीस मला कितीही अग्निवर्षावापेक्षा अधिक थरारक वाटते.

उणिवाही आहेत. निवेदन अलिप्त आहे, वर्षे एका वाक्यात सरतात, आणि स्त्रियांना जवळजवळ वाव नाही; त्यांची जादू दुबळी किंवा दुष्ट, अशी म्हणच गाँटवर आहे. ल ग्विन यांनी याच मालिकेतील १९९० च्या ‘टेहानू’ या कादंबरीत हा प्रश्न स्वतःच पुन्हा हाती घेतला. गेडची त्वचा तांबूस तपकिरी आहे, हे मात्र त्यांनी पहिल्यापासून स्पष्ट लिहिले होते. तरीही २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तो गोरा दाखवला गेला आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली.

विकत घेणार असाल तर छापील प्रतच घ्यावी. कथा सतत बेटाबेटांतून फिरते आणि मोबाइलच्या पडद्यावर नकाशातील नावे वाचता येत नाहीत. ज्यांना ड्रॅगनच अधिक हवे आहेत त्यांनी १९७२ चा तिसरा भाग, ‘द फार्देस्ट शोअर’, गाठावा. परंतु त्याआधी हा पहिला भाग वाचलेला असलेला बरा.