नाशिकचं पेअरिंग डिनर, सोबत आई-बाबा: पांढरीला पैकीच्या पैकी, लाल काठावर पास

गंगापूर धरणाच्या आसपास आणि दिंडोरी पट्ट्यातल्या वायनऱ्यांकडे चार-पाच कोर्सचं पेअरिंग डिनर मिळतं: प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाइन. साठी-सत्तरीतल्या, वाइनचा घोटही न घेतलेल्या आईला किंवा वर्षानुवर्षं व्हिस्की-सोडा घेणाऱ्या बाबांना तिथे न्यावं का, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. न्यावं. फक्त ठरलेला मेनू जसाच्या तसा घेऊ नये. पहिले दोन कोर्स बहुधा छान जमतात, तिसऱ्यापासून गाडी घसरते.

आधी हिशोब. पेअरिंगमध्ये साधारण ६० मिलिचे पाच पेले येतात, म्हणजे ३०० मिलि. १२.५ टक्के अल्कोहोल धरलं तर पोटात जवळपास ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. सवय नसलेल्या आणि वजनाने हलक्या माणसाला हे फार झालं. त्यामुळे जेवण दोघांचं, पण वाइनचा सेट एकच, असं बुकिंग करतानाच विचारावं. ३० मिलि चव घ्यायला पुरतात. काही ठिकाणी सेट वाटून द्यायला नकार मिळतो. अशा ठिकाणी पेअरिंग सोडून सुटे पेले मागवावेत. तीन पेल्यांत दोघांचं जेवण होतं.

सुरुवात स्पार्कलिंगने, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनने होत असेल तर उत्तम. शांदों (Chandon) कंपनीचं दिंडोरीचं ब्रूट (म्हणजे गोडवा जवळपास नसलेली) किंवा सुलाचं ब्रूट दोन्ही पारंपरिक पद्धतीचं, म्हणजे दुसरं आंबवण बाटलीतच झालेलं. बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतात, म्हणून कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, तळलेले बोंबील अशा कशाहीबरोबर ते चालतं. चीजच्या ताटापेक्षा वडी मागा. आईला ओळखीच्या चवीबरोबर अनोळखी पेय सोपं जातं.

खरी मजा दुसऱ्या कोर्सला आहे. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये कच्च्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा हिरवा वास असतो, आणि कोथिंबीर-पुदिना-लिंबू त्याच्या अगदी जवळचे. हिरव्या वाटणातलं पापलेट किंवा पनीर टिक्का यांच्याबरोबर ही जोडी नाशिकमध्ये सहसा चुकत नाही. वयानुसार वास कमी येऊ लागतो, तेव्हाही अशी ठसठशीत वासाची वाइन कळते. पदार्थ तिखट असेल तर मात्र शेनिन ब्लां किंवा रीझलिंग ही पांढरी वाइन मागावी. सुलाच्या शेनिनमध्ये किंचित गोडवा राखलेला असतो आणि तो तिखटाची धार बोथट करतो. ‘ही जरा सरबतासारखी लागते’ असं आई म्हणाली तर समजावं, जोडी जमली.

झाकणाबद्दल एक. इथल्या बऱ्याच पांढऱ्या वाइन फिरकीच्या झाकणाच्या असतात. बूच नाही म्हणजे माल स्वस्तातला, असा बाबांचा समज होतो. तसं नाही; ताज्या फळाच्या चवीच्या वाइनला हेच झाकण बरं, आणि बुचाचा कुबट वास लागायची भीतीही जवळपास उरत नाही.

आता लाल. मुख्य जेवणात काळ्या मसाल्याचं मटण आणि ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली शिराझ ही लाल वाइन, ही जोडी मेनूकार्डावर देखणी दिसते, तोंडात भांडते. तिखटातलं कॅप्सायसिन आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात, आणि तिखटाने भाजलेल्या जिभेला टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून लाल वाइनमध्ये उतरलेल्या द्रव्याचा तुरटपणा दुप्पट बोचतो. रक्तदाबाच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर आणखीच. टॅनिनला प्रथिनं, चरबी आणि मीठ लागतं. म्हणून तीच शिराझ भाजलेल्या मटण चापेबरोबर किंवा सीख कबाबबरोबर घेऊन पाहा. तुरटपणा निम्म्यावर येतो. मटण रस्सा हवाच असेल तर त्याच्याबरोबर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन मागवावी, सुलाची झिनफांडेल रोझे सहज मिळते. शाकाहारी ताटात लालला आधार देणारं फारसं काही नसतं. भरली वांगी त्यातल्या त्यात बरी, कारण शेंगदाणा-तिळाच्या कुटातलं तेल मदतीला येतं. लोणचं आणि ठेचा ताटातून उचलायला सांगा, नाहीतर पुढच्या तिन्ही वाइन एकसारख्याच लागतील.

दुसरी गडबड तापमानाची, आणि ती मेनूपेक्षा जास्त वेळा होते. लाल वाइन १६ ते १८ अंशांना हवी. ‘रूम टेंपरेचर’ म्हणून उघड्या बारमागच्या फळीवरून आलेली बाटली उन्हाळ्यात २८-३० अंशांची असते. नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. बाबा त्यात बर्फ टाकायला मागतील. हसू नका, त्यांचं निदान बरोबर आहे. उपाय असा: निम्मं पाणी, निम्मा बर्फ असलेल्या बादलीत बाटली दहा मिनिटं ठेवायला सांगा. जानेवारीत गच्चीवर बसलात तर उलटं होतं. नाशिकच्या थंडीत लाल वाइन गारठून आंबट-तुरट होते. तेव्हा पेला तळव्यात धरून बसावं. पांढरी ८ ते १० अंशांना, एका वेळी थोडीच ओतून.

शेवटी गोड. लेट हार्वेस्ट शेनिनबरोबर (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) गुलाबजाम देणं ही सरळ चूक आहे. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन पाणीदार आणि आंबट लागते. कमी साखरेचं श्रीखंड, आंब्याच्या फोडी किंवा नुसते खारे काजू यांच्याबरोबर तीच वाइन मधासारखी उतरते.

आई कट्टर शाकाहारी असेल तर आणखी एक प्रश्न आधी फोनवर विचारून ठेवावा: वाइन नितळ करायला काय वापरलं आहे? बेंटोनाइट ही माती आहे, तिला हरकत नसावी. पण अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, माशापासून काढलेलं आयसिंग्लास हेही वापरात असतात. वाढपी बहुतेक वेळा ‘व्हेज आहे’ एवढंच म्हणतो, म्हणून हे वाइनमेकरच्या माणसालाच विचारलेलं बरं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पहिला पेला नको. साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी, झोपेची गोळी किंवा मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचा कोर्स चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेतच करू नये.

बसायची जागा बुकिंगमध्येच मागावी: उंच बार-स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची, स्पीकरपासून लांब, आणि मावळतीचं ऊन डोळ्यांवर न येणारी बाजू. टूरमध्ये टाक्यांजवळची फरशी ओली असते आणि मध्ये लोखंडी जिना येतो. गुडघे दुखत असतील तर टूर सोडून थेट टेबलावर. द्राक्षं बघायची हौस असेल तर जानेवारी ते मार्च हाच काळ. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि मग बागेत नुसत्या उघड्या वेलींचे बुंधे दिसतात. २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो, तेव्हा गांधी जयंतीच्या सुट्टीला धरून बेत आखलात तर पेले रिकामे राहतील.

मुंबईकरांनी रात्रीचं डिनर धरण्याऐवजी दुपारी साडेबाराचं टेबल धरावं. ड्रायव्हर वेगळा ठेवावा. लेट हार्वेस्टची बाटली उरलीच तर झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. आठवडाभर टिकते, आणि रोज चमचा-दोन चमचे आईच पुरवून घेते.